तो आमचा माणूस नाही

रत्नागिरीत नवा पोलीस अधिकारी बदलून आला की पहिल्या भेटीत मला एकच प्रश्न विचारतो, "मॅडम, तुम्ही कुठल्या पेपरच्या?" मी म्हणते, "कुठल्याच नाही आणि सगळ्यांच्या." मग तो बिचारा खुर्ची पुढे करावी की न करावी, या विचारात पडतो. पेपरचं नाव सांगितलं की चहा येतो. नाही सांगितलं की "काय काम होतं?" असं विचारतात, आणि मी उभ्या उभ्या काम सांगते.

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "ताई, दिवाळीचा अंक आहे, व्यवसायातले गमतीदार किस्से येऊ द्या." किस्से आहेत, कमी नाहीत. पण लिहायला बसले की आधी माझं डोकं फिरतं आणि मग किस्सा येतो. त्यामुळे जसं येईल तसं घ्या. नाहीतर परत पाठवा, मला सवय आहे.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पेपरात आणि चॅनलमध्ये दोन तऱ्हेची माणसं असतात. एक, ज्यांना पगार, रजा, ओळखपत्र आणि बसायला टेबल असतं. दुसरे आम्ही. जिल्ह्यात राहून चार-पाच ठिकाणी बातम्या पाठवणाऱ्याला स्ट्रिंगर म्हणतात. बातमी लागली तर त्यांची, नाही लागली तर पेट्रोल आपलं. हाच माणूस जरा बरं इंग्रजी बोलत असला की त्याला फ्रीलान्सर म्हणतात, आणि सत्काराला बोलावलं की मराठीत 'मुक्त पत्रकार'. मुक्त! कशापासून मुक्त, ते कुणी सांगत नाही. विम्यापासून मुक्त, आजारपणाच्या रजेपासून मुक्त, आणि अडचणीत सापडलात की तुम्हाला ओळखणाऱ्या माणसांपासून तर एकदमच मुक्त. पैशांबद्दल मी इथे लिहीतच नाही. ते लिहायला लागले तर संपादकांना जाहिरातींची पानं काढून मला द्यावी लागतील.

तिसरा एक प्रकार आहे, फिक्सर. बाहेरदेशातून पत्रकार आला की त्याला हवी ती माणसं गाठून द्यायची, त्यांचं बोलणं त्याला इंग्रजीत सांगायचं, रिक्षा ठरवायची, आणि सुरमईचं कालवण तिखट लागलं तर धावत जाऊन ताक आणायचं. हेही मी खूप वर्षं केलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा म्हणतात ना, ते माझ्यासाठीच काढलेलं आहे. परदेशी मासिकात आठ पानांचा लेख येतो, त्यात मी बोलावलेली माणसं, मी विचारलेले प्रश्न आणि मी सांगितलेली उत्तरं असतात. माझं नाव शोधायला भिंग लागतं, आणि बहुतेकदा भिंगातूनही दिसत नाही.

एक गोरा आला होता. उंच, घामाघूम, सभ्य माणूस. म्हणाला, "मला दुःखी मच्छीमार हवा." मी त्याला मिरकरवाड्याच्या बंदरावर नेलं आणि एका तांडेलापुढे उभा केला. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य, ज्याच्या शब्दावर बोट चालते. हा तांडेल अखंड हसणारा. मासळी कमी झाली सांगताना हसला, डिझेल महाग झालं सांगताना त्याहून हसला. गोरा मला हळूच म्हणाला, "त्यांना सांगता का, जरा न हसता बोला." मी सांगितलं. तांडेल म्हणाला, "ताय, ह्याला सांग, रडायचं असंल तर त्याचा रेट वेगळा." मी ते जसंच्या तसं भाषांतर करून सांगितलं. गोरा लाल झाला.

मी संध्याकाळी त्याच्यावर तोंडसुख घ्यायला गेले, तर तो लॉजच्या खोलीत बिस्किटं खात बसलेला. तिथे कळलं की हाही कुणाचा नोकर नाही. आपल्या खर्चाने आलेला. घरी बसून त्याने एका संपादकाला पत्र पाठवलं होतं, की मी असा असा लेख लिहीन, किनाऱ्यावरचं दुःख वगैरे. याला या धंद्यात पिच करणं म्हणतात. संपादकाने दुःख मंजूर केलं होतं. आता हसरा तांडेल घेऊन गेला तर लेख नापास. थंडीत तो त्याच्या देशात लोकांची घरं रंगवतो आणि त्यावर उन्हाळ्यात पत्रकारिता करतो. मी त्याला दुःखी मच्छीमार काही दिला नाही, पण घरी जेवायला नेला. आईने त्याला कोळंबीचा भात वाढला आणि तो दोनदा मागून जेवला.

त्याच्यामुळे मी फोनवरच्या एका ग्रुपमध्ये गेले. देशोदेशींचे आमच्यासारखे बिनमालकाचे पत्रकार त्यात होते. मला आधी वाटायचं, हा छळ आपल्याकडेच आहे. छे! मनिलातली एक बाई दंगलीत जायचं झालं की मैत्रिणीकडून हेल्मेट उसनं नेते, कारण ज्यांच्यासाठी ती जाते ते देत नाहीत. ब्राझीलच्या एकाने पिच पाठवलं, संपादक म्हणाला "आत्ता नको", आणि दुसऱ्याच आठवड्यात संपादकाचा पगारी माणूस त्याच गावात, त्याच माणसाच्या ओट्यावर हजर. आयत्या बिळावर नागोबा! हे मी इंग्रजीत लिहिलं तेव्हा सगळ्यांनी आपापल्या भाषेतली तीच म्हण पाठवली. कुणाकडे नागाऐवजी खेकडा होता, कुणाकडे कोकीळ.

या ग्रुपमधूनच सिर्जना माझ्याकडे आली. काठमांडूची, चाळिशीची, सडपातळ आणि भयंकर हट्टी. तिला आमच्या बंदरातल्या नेपाळी खलाशांवर लिहायचं होतं. इकडच्यांना हे माहीत असतं, बाहेरच्यांना नसतं म्हणून सांगते, मिरकरवाड्याच्या ट्रॉलरवर आता आपली मुलं कमी आणि नेपाळची मुलं जास्त असतात. आपली मुलं मुंबईला जातात. ज्यांनी जन्मात समुद्र पाहिला नाही अशी डोंगरातली पोरं इथे येऊन जाळी ओढतात. सिर्जनाला त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलायचं होतं, त्यामुळे मला भाषांतराचं काम नव्हतं. तिला हवा होता कॅमेरावाला. मी दिलीपला सांगितलं.

आता दिलीप. हा सगळा लेख त्याच्यासाठीच लिहितेय म्हटलं तरी चालेल. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला ताय म्हणतो. लग्नाचे, मुंजीचे व्हिडिओ काढून घर चालवतो आणि पाच चॅनलचा रत्नागिरीचा स्ट्रिंगर आहे. होता. प्रत्येक चॅनलने त्याला एकेक बूम दिलेला. बूम म्हणजे माईकवर बसवायचा तो चौकोनी ठोकळा, ज्यावर चॅनलचं नाव असतं. पाचही बूम तो साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून स्कूटरला लटकवायचा. मंत्री आले की पाचही ठोकळे रबराने एकत्र बांधून एकाच हातात धरायचा. मंत्र्यांना वाटायचं, वा, पाच चॅनल आले. पाच कुठले, एकटा दिलीप, आणि तोही सकाळपासून चहा न प्यालेला.

आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या स्ट्रिंगरांचा एक ग्रुप असतो. राजापूरपासून मंडणगडपर्यंत एका माणसाने किती धावायचं? म्हणून जो जिथे असेल त्याने शूटिंग करायचं आणि ग्रुपवर टाकायचं. मग ज्याने त्याने ते आपापल्या चॅनलला आपलं म्हणून पाठवायचं. कुणी तोंड वाकडं करायचं नाही. आज माझं तू घे, उद्या तुझं मी घेतो. ही चोरी नव्हे. गरिबांची भिशी असते तसं आहे हे. जो आपलं लपवून ठेवतो त्याला दुसऱ्या वेळी कुणी देत नाही.

तर त्या दिवशी सकाळी आम्ही तिघं जेटीवर होतो. सिर्जना दोन खलाशांशी बोलत होती, दिलीप शूटिंग करत होता, मी एका ओळखीच्या म्हातारीपाशी बसून बांगड्याचा भाव ऐकत होते. तेवढ्यात एक पर्ससीनची बोट येऊन लागली. पर्ससीन म्हणजे ते प्रचंड जाळं, जे बटव्यासारखं खालून आवळतात आणि अख्खा थवा एका झटक्यात वर घेतात. वर्षाच्या ठराविक महिन्यांनंतर त्याला बंदी आहे. बंदी लागून बरेच दिवस झाले होते आणि ही बोट दिवसाढवळ्या माशांच्या टोपल्या उतरवत होती. जाळं बोटीवरच पडलेलं. शेजारी छोट्या होडीवाले रिकाम्या हाताने बघत उभे.

दिलीपने कॅमेरा तिकडे फिरवला. बोटीवरचा एकजण ओरडला, "ए, बंद कर ते!"

दिलीप म्हणाला, "बंद तुमचं जाळं असायला हवं होतं, माझा कॅमेरा नव्हे."

होडीवाले हसले. बोटीचा मालक जेटीवरच उभा होता, मला वाटतं त्याला तिथेच जास्त लागलं. चोरटी मासळी कॅमेऱ्यात आल्याचं नाही, लोक हसल्याचं.

दिलीपने व्हिडिओ आपल्या पाचही चॅनलना पाठवला आणि रीतीप्रमाणे ग्रुपवरही टाकला. दुपारी तो पाच चॅनलवर दिसत होता, आणि पाचही ठिकाणी कोपऱ्यात लिहिलेलं, 'फक्त आमच्याकडे'. आम्ही माझ्या घरी बसून बघत होतो. सिर्जना हसून हसून लोळायची बाकी राहिली. म्हणाली, "दीदी, हमारे यहाँ भी यही लिखते हैं." दिलीपची बायको संध्या तेव्हा मालवणी खाज्याचा पुडा घेऊन आली होती. नवऱ्याचं शूटिंग पाच चॅनलवर एकदम लागलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्याचा फोन, "ताई, पोलीस येऊन ह्यांना घेऊन गेले."

मी आणि सिर्जना रिक्षा करून ठाण्यात गेलो. दिलीप बाकड्यावर बसला होता. साडीच्या दुकानाची ती पिशवी टेबलावर, पाचही बूम बाहेर काढून ओळीने मांडलेले. बोटमालकाची तक्रार अशी, की या माणसाने माझ्याकडे पैसे मागितले, मी दिले नाहीत म्हणून व्हिडिओ पसरवला. खंडणी!

अहो, दिलीप म्हणजे लग्नात जेवायला बसताना यजमानांना विचारणारा माणूस, की बसू का. तो खंडणी मागणार? त्या मालकाच्या जिभेला काही हाड? माझ्या तोंडून मालकाच्या सात पिढ्या बाहेर पडायच्या होत्या, पण साहेब समोर होते म्हणून गिळल्या.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने मला बसायला सांगितलं आणि शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगा मी काय करू. हा चॅनलचं काम करत होता, तर ती बातमी झाली. मग तक्रारीत दम नाही. पण चॅनलचा नसेल, तर मग एका खासगी माणसाने दुसऱ्याच्या बोटीचं शूटिंग का केलं? तक्रारदार म्हणतोय, पैशांसाठी. मला संध्याकाळपर्यंत एक माणूस आणून द्या, जो म्हणेल की हा आमचा. कुणीही, एक."

"पाच देते," मी म्हटलं. "टेबलावर मांडलेत बघा."

"ठोकळे नकोत, ताई. माणूस द्या."

संध्या तोवर आली होती. भिंतीला टेकून उभी होती, रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, खंडणीचा गुन्हा लागला तर लग्नघरात ह्यांना कॅमेरा घेऊन कोण येऊ देईल? आमचं सगळं संपलं मग." ती बरोबर बोलत होती. आमच्या गावात निर्दोष सुटलेल्यालाही लोक 'तो खंडणीवाला' म्हणूनच ओळखतात.

मी ठाण्याच्या आवारात आंब्याखाली उभी राहून फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या चॅनलचा माणूस म्हणाला, "आम्ही त्याला ते काम सांगितलं नव्हतं." अरे मेल्या, काम सांगितलं नव्हतं तर दाखवलंस कशाला दिवसभर? दुसऱ्याकडून उत्तर आलं की आमच्याकडे हे व्हिज्युअल, म्हणजे शूटिंग, एजन्सीकडून आले. कुठली एजन्सी? ते सांगता येणार नाही. तिसऱ्याने नाव ऐकताच फोन ठेवला. आणि चौथा! चौथ्याने काय विचारावं? "मॅडम, त्याच्याकडे आमचा बूम आहे ना? तो आधी कुरिअर करायला सांगा." माणूस बाकड्यावर बसलाय, आणि यांना ठोकळ्याची काळजी. शिरा पडली यांच्या तोंडावर! मी त्याला जे बोलले ते या अंकात छापता येणार नाही, पण दारावरचा हवालदार बाहेर येऊन बघून गेला.

पाचव्या चॅनलच्या डेस्कवर पल्लवी होती. आमच्यासारख्यांना काम सांगते, व्हिज्युअल मागवते त्या टेबलावरची बाई. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या आवाजाचा मला मनापासून राग होता. कुणाच्या मयतीला बसलेलो असलो तरी तिचा फोन यायचा, "ताई, व्हिज्युअल कधी?" नमस्कार नाही, चमत्कार नाही. दिलीप तर तिला 'कधीबाई' म्हणायचा. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मी वरती विचारते." तासाभराने फोन आला. अगदी वाचून दाखवल्यासारखी बोलली, "ताई, वरून कळवलंय. तो आमचा माणूस नाही. त्याच्या कुठल्याही कामाशी आमचा संबंध नाही."

"आणि रोज सकाळी त्याला उठवतेस ती कोण गं तू?" मी ओरडले. "त्याची बायको?"

फोन बंद झाला.

मग मी आमच्या जिल्ह्याच्या ग्रुपवर लिहिलं. दिलीप ठाण्यात आहे, सगळ्यांनी या, निदान उभे राहा. निळ्या खुणा दिसत होत्या, म्हणजे सगळ्यांनी वाचलं होतं. एकाचंही उत्तर नाही. कसं देतील? प्रत्येकाने तो व्हिडिओ आपला म्हणून पाठवला होता. आता दिलीपचा म्हणावा तर चॅनल विचारणार, मग तू आमच्याकडे काय खोटं पाठवलंस? थोड्या वेळाने ग्रुपवर एक ओळ आली. दिलीपला ग्रुपमधून काढून टाकण्यात आलं होतं. गरज सरो, वैद्य मरो. त्यातल्या अर्ध्यांच्या घरची लग्नं दिलीपने फुकटात शूट केली होती.

मी आत आले, तर सिर्जना साहेबांसमोर उभी. तिने माझी वाट पाहिली नव्हती. "साहब, कल सुबह दिलीपभाई मेरा काम कर रहे थे. मैंने बुलाया था. लिख लीजिए, मेरे आदमी हैं."

साहेबांनी पेन हातात घेतलं. "ठीक आहे. आणि आप किसकी?"

"मतलब?"

"आप किस अखबार की?"

सिर्जना माझ्याकडे बघायला लागली. तिच्याकडे दाखवायला काय होतं? संपादकाचा एक मेल, त्यात लिहिलेलं की लेख चांगला झाला तर बघू. "किसी की नहीं, साहब," ती म्हणाली, "फ्रीलान्सर हूँ."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांचं तरी काय चुकलं? कुणाचीच नसलेली बाई सांगणार की हा माझा माणूस. आणि तीही परदेशी. वर त्यांनी तिला सांभाळून राहा म्हणून सांगितलं, ते चांगल्या मनानेच. पण बाहेर आल्यावर सिर्जना पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. म्हणाली, "दीदी, इतने साल से काम कर रही हूँ, और एक आदमी को अपना कहने जितनी भी मेरी कीमत नहीं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती आणि आमच्या दोघींच्या हातात काहीही नव्हतं.

दुपार कलली. बोटमालक दोन माणसं घेऊन येऊन बसला. संध्याच्या अगदी समोर. आणि साहेबांचा मुन्शी कागद ओढून लिहायला बसणार, इतक्यात माझा फोन वाजला. पल्लवी.

"ताई," ती घाईत होती, मागे कुणीतरी ओरडत होतं. "रत्नागिरीत खंडणीच्या प्रकरणात पत्रकाराला ताब्यात घेतलंय ना, त्याचे व्हिज्युअल हवेत. बाकीच्यांकडे चालू झालंय. वरून घाई करतायत. तुमच्याकडे आहेत का? नाहीतर दिलीपला तरी सांगा. तिथे आपलं दिलीपशिवाय दुसरं कुणीच नाहीये."

सवयीने तोंडातून निघून गेलं होतं, आणि निघाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं होतं.

"काय म्हणालीस?" मी विचारलं. "परत म्हण."

"ताई, सॉरी. चुकून..."

"चुकून कशाला? खरंच बोललीस की. पल्लवी, मी आत्ता पोलीस ठाण्यात उभी आहे. इन्स्पेक्टर साहेब माझ्यापासून चार हातांवर आहेत. त्यांना एवढं एकच वाक्य हवंय, बाकी काही नको. मी फोन त्यांच्याकडे देऊ का? तू नाही म्हणालीस तर देत नाही. पण मग मला आयुष्यात परत फोन करायचा नाही."

पलीकडे तो ओरडणारा माणूस ऐकू येत होता, "काय झालं, पल्लवी? आले का व्हिज्युअल?" तिने बहुतेक हाताने फोन झाकला. मला वाटलं, ठेवणार आता. हिचं काय जातंय! मुंबईत गार हवेत बसलेली बाई, रत्नागिरीच्या दिलीपसाठी कशाला जीव टाकेल?

"द्या," ती म्हणाली.

मी फोन साहेबांना दिला. त्यांनी स्पीकर लावला, म्हणून आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. बोटमालकानेही.

"नाव सांगा."

तिने पूर्ण नाव सांगितलं. चॅनल सांगितलं, काम सांगितलं.

"हा दिलीप तुमचा माणूस आहे?"

"हो. आमचा रत्नागिरीचा रिपोर्टर आहे. त्याला रोज मीच फोन करते. बोटीचे व्हिज्युअलही काल मीच त्याच्याकडून मागवून घेतले, आणि ती बातमी आम्ही चालवली."

"हे तुम्ही जबाबदारीने सांगताय? मी लिहून घेतोय."

"लिहून घ्या," पल्लवी म्हणाली. "माझा नंबरही घ्या."

संध्या भिंतीपासून पुढे आली आणि टेबलाची कड धरून उभी राहिली. बोटमालक उठला, "साहेब, फोनवर कुणीही काहीही बोलेल," वगैरे म्हणायला लागला. साहेब त्याला म्हणाले, "मग तुम्ही पुरावा आणा. कुठल्या तारखेला, कुठे, किती मागितले. तोवर मी गुन्हा दाखल करत नाही." दिवे लागायच्या सुमाराला दिलीप घरी आला. संध्याने दारातच त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि मग इतका वेळ अडवून धरलेलं रडं तिला आलं.

तक्रारदाराने पुरावा काही आणला नाही, ते प्रकरण तिथेच विझलं. ती बोटही चारच दिवसांनी परत दर्यात गेली, तेच जाळं घेऊन. होडीवाले बघत उभे राहिले. त्यांचं पुढे काय झालं हे कुठल्याही चॅनलने विचारलं नाही, 'फक्त आमच्याकडे' म्हणणाऱ्या पाचांनीही नाही. सिर्जनाचा लेख तिकडे आला. तिने संपादकाला बजावून सांगितलं होतं की फोटोखाली दिलीपचं नाव घाला. छापून आलं 'संग्रहित छायाचित्र'. तिने मला त्या पानाचा फोटो पाठवला आणि खाली नेपाळीत एक शिवी लिहिली. ती मला न सांगता कळली.

दिलीपने मात्र पाचही बूम बांधून कुरिअरने परत पाठवले. कुणी थांबवलं नाही. आता तो फक्त लग्नं करतो. मी विचारलं, "रुखरुख नाय वाटत?" तर म्हणाला, "ताय, नवरा-नवरी निदान ओळख तरी दाखवतात." मी हसले, पण मला ते अजून सलतं. बंदरातलं त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्याला घालवायला कुणी मारामारी केली नाही, धमकी दिली नाही. फक्त सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

मला पल्लवीला फोन करायचा होता. आभार मानायचे होते, आणि बायको म्हणून टोमणा मारला होता त्याबद्दल दोन शब्द बोलायचे होते. पण तिचा नंबर म्हणजे डेस्कचाच नंबर. लावला की लागायचा नाही किंवा कुणी उचलायचं नाही. मग पावसाळ्यात एकदा त्याच नंबरवरून फोन आला. मी आनंदाने उचलला.

"मॅडम, असाइनमेंट डेस्कवरून बोलतेय. तुमच्याकडे घाटात दरड आलीये ना? व्हिज्युअल कधी मिळतील?"

आवाज वेगळा होता. कोवळा, पण घाई तीच.

"पल्लवी कुठेय?" मी विचारलं.

"कोण पल्लवी?"

"तुझ्या आधी या फोनवर बसायची ती. बरीच वर्षं बसायची."

पलीकडे जरा कुजबुज झाली. मग ती परत आली आणि एकेक शब्द सावकाश म्हणाली, "मॅडम, त्या आमच्या स्टाफवर नव्हत्या. कंत्राटावर होत्या. त्यांच्याशी आमचा काही संबंध नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, हिला आता धुवून काढायची. तोंड उघडलंही होतं. मग काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, "तुझं नाव काय, बाळा?"

तिने नाव सांगितलं.

"तू स्टाफवर आहेस?"

मागे टीव्ही चालू होते, कुणीतरी दरडीचे व्हिज्युअल मागत होतं.

"नाही, ताई," ती म्हणाली. "मीपण कंत्राटावरच आहे."